चौथ्या लेव्हलची ‘रोग’ (rogue): डेक्स्टेरिटी वाढवावी की ‘सेंटिनेल’ घ्यावे?

दादरचा खिसेकापू:
आमचा गट अजूनही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे 2014 चे नियम वापरतो. माझी रोग (चपळ, चोरट्या प्रकारचे पात्र) येत्या रविवारी चौथ्या लेव्हलला पोहोचेल. तेव्हा डेक्स्टेरिटी (चपळाई) 16 वरून 18 करावी, असा जवळजवळ सर्वांचा सल्ला आहे. माझे मत मात्र त्याऐवजी ‘सेंटिनेल’ ही फीट (खास कौशल्य) घ्यावी असे आहे.

कारण मांडतो. स्नीक अटॅक (रोगच्या वाराला मिळणारे जादा डॅमेजचे फासे) राउंडमध्ये (सर्वांची एकेक पाळी) नव्हे, तर टर्नमध्ये (एकाची पाळी) एकदा करता येतो, म्हणजेच शत्रूच्या टर्नवर रिॲक्शन म्हणून, म्हणजे प्रत्युत्तरादाखल, केलेल्या हल्ल्यालाही त्याचे फासे पुन्हा मिळतात. पटावरच्या शेजारच्या घरातील शत्रूने माझ्याऐवजी दुसऱ्या कोणावर हल्ला केला, तर सेंटिनेलमुळे मला नेमका असा हल्ला मिळतो, आणि तो दुसरा कोणी माझा साथीदारच शत्रूला भिडलेला असल्यामुळे स्नीक अटॅकची अटही आपोआप पूर्ण होते. शत्रूचा आर्मर क्लास (नेम लागण्यासाठी गाठायचा आकडा) 14 धरला, तर माझा नेम 60 टक्के वेळा लागतो. शॉर्टसोर्डचे सरासरी 3.5, डेक्स्टेरिटीचे 3 आणि स्नीक अटॅकच्या दोन फाशांचे 7 मिळून 13.5, म्हणजे दर हल्ल्यामागे सरासरी 8.1. डेक्स्टेरिटी वाढवल्यास नेम 65 टक्क्यांवर आणि डॅमेज 14.5 वर जाऊन हा आकडा सुमारे 9.4 होतो. वाढ झाली 1.3 ची. सहा राउंडमध्ये एकदा जरी रिॲक्शनचा हल्ला मिळाला, तरी ती भरून निघते.

परळचा तिरंदाज:
आपले गणित बरोबर आहे, परंतु त्यात आपली रोग जिवंत असल्याचे गृहीत धरले आहे. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) 14 असेल, तर चौथ्या लेव्हलला तिचे हिट पॉइंट्स (जीवाचे गुण) सरासरीने 31 होतात. ओगर या राक्षसाच्या सोट्याचा एक फटका सरासरी 13 चा असतो. दोन फटके बसले की हाती पाच उरतात. सेंटिनेलचा लाभ घ्यायचा तर शत्रूच्या शेजारीच उभे राहावे लागते, म्हणजे दुसऱ्या लेव्हलला मिळालेली कनिंग ॲक्शन, जिच्यामुळे मारून सुरक्षित निसटता येते, ती आपण स्वतःहून गहाण टाकणार.

शिवाय डेक्स्टेरिटीची वाढ केवळ 1.3 डॅमेजची नाही. आर्मर क्लास, इनिशिएटिव्ह (लढाईतला क्रम), सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचण्याचा फासा), लपणे आणि कुलूप उघडणे या सगळ्यांत एकेकाची भर पडते, आणि ती रोज पडते. मी स्वतः शॉर्टबो वापरतो. 80 फुटांवरून, बोनस ॲक्शनने (टर्नमधील जादा छोट्या कृतीने) लपून, ॲडव्हान्टेजसह (दोन फासे टाकून मोठा धरून) बाण सोडला, की 60 टक्क्यांचा नेम 84 टक्क्यांवर जातो आणि आपले 8.1 कोणतीही फीट न घेता 11.3 होतात. लपायला जागा नसेल, तर 2020 च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकातील, ॲडव्हान्टेज देणारी स्टेडी एम आहेच, त्या टर्नला जागचे हलता येत नाही, एवढीच तिची किंमत.

दादरचा खिसेकापू:
स्टेडी एम आमच्या टेबलावर नाही. लपण्याबद्दल म्हणाल, तर आमचे डीएम (खेळ चालवणारे डंजन मास्टर) एकाच खांबामागून दुसऱ्यांदा लपू देत नाहीत, आणि मला त्यात वावगे वाटत नाही. दोन राउंडमध्ये एकदा रिॲक्शन मिळाली, तरी माझी सरासरी 12 च्या पुढे जाते, हेही आपण पाहावे.

जीव वाचण्याचा मुद्दा मात्र गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर पाचव्या लेव्हलला मिळते. तेव्हा अनकॅनी डॉज येतो: दिसणाऱ्या शत्रूचा फटका बसला, की रिॲक्शन खर्चून त्याचे डॅमेज निम्मे करता येते. ओगरने मला मारले तर मी डॉज करेन, माझ्या साथीदाराला मारले तर सेंटिनेलने त्यालाच मारेन. कोणाला मारायचे हे त्याने ठरवावे. माझी रिॲक्शन दोन्हीकडून कामी येते. तिरंदाज रोगची रिॲक्शन बहुतेक लढाया संपेपर्यंत तशीच पडून असते.

पडद्यामागचा डीएम:
आमच्या टेबलावर कॅरमच्या सोंगट्या म्हणजे गॉब्लिन आणि स्ट्रायकर म्हणजे ओगर, त्यामुळे पुढील प्रसंग अगदी डोळ्यांसमोर आहे. स्ट्रायकरभोवती पॅलादिन (धर्मयोद्धा) आणि रोग उभे आहेत आणि मागून तीन काळ्या सोंगट्या सरकत येत आहेत. ओगरने पॅलादिनवर सोटा उगारला, रोगने सेंटिनेल वापरले, रिॲक्शन संपली. त्यानंतर तिन्ही गॉब्लिन रोगवर तुटून पडले आणि डॉज करायला काही उरले नाही. एकाच शत्रूसमोर आपला युक्तिवाद बिनतोड आहे. चार शत्रू असतील, तर आधी कोण मारेल याचा जुगार दर राउंडला खेळावा लागेल. भूतकाळातील रोगच्या मानाने ही चैनच म्हणायची. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत सांगाड्यांवर स्नीक अटॅक चालतच नसे, आणि मढ्यांनी भरलेल्या तळघरात रोगने मशाल धरून उभे राहावे, अशी अवस्था होती.

आणखी एक: प्रत्येक शत्रू ‘हल्ला’ करतोच असे नाही. जादूगाराने फायरबॉल टाकला, तर तिथे सेव्हिंग थ्रो असतो, हल्ल्याचा फासा नसतो, त्यामुळे सेंटिनेल जागे होत नाही.

गिरगावकर:
2024 चे नियम घेतले, तर हा वाद निम्म्यावर येतो. त्यात सेंटिनेलसोबतच डेक्स्टेरिटी एकने वाढवता येते. मात्र शत्रूचा फटका साथीदाराला प्रत्यक्ष बसल्यावरच आपला हल्ला मिळतो. पाचव्या लेव्हलला कनिंग स्ट्राइकही येतो. स्नीक अटॅकचा एक फासा, म्हणजे सरासरी साडेतीन डॅमेज, सोडून शत्रूला आडवे पाडण्याचा प्रयत्न करता येतो, किंवा वार केल्यावर बोनस ॲक्शन न वापरता निम्म्या वेगाने निसटता येते. माझ्या मते लढाईसाठी रोगला आजवर मिळालेली ही सर्वांत मोलाची क्षमता आहे, कारण तिच्यामुळे पूर्ण गटाला फायदा होतो.

परळचा तिरंदाज:
आडवे पाडण्याचे कौतुक जवळून लढणाऱ्यांनी करावे. पडलेल्या शत्रूवर दुरून बाण मारणाऱ्याला डिसॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे आपल्या कौशल्याचा दंड मी भरायचा.

पडद्यामागचा डीएम:
खिसेकापू, एक बारीक अट आपण विचारात घेतलेली दिसत नाही. 2014 च्या मजकुरानुसार ज्याच्यावर हल्ला होतो त्याच्याकडेच सेंटिनेल असेल, तर आपल्याला रिॲक्शन मिळत नाही. पुढच्या फळीत आपल्या शेजारी कोण उभे असते, आणि ते कोणती फीट घेणार आहेत?

दादरचा खिसेकापू:
पॅलादिन. ती खेळणारे काका ठाण्याहून येतात आणि त्यांची पॅलादिनही रविवारीच चौथ्या लेव्हलला पोहोचते. आत्ताच त्यांना विचारले. त्यांनी सेंटिनेल कागदावर लिहूनसुद्धा ठेवले आहे. त्यांना ‘पोलआर्म मास्टर’ या दुसऱ्या फीटकडे वळवण्यासाठी माझ्याकडे शनिवार रात्रीपर्यंत वेळ आहे. ते बधले नाहीत, तर डेक्स्टेरिटी 18.