शब्दचर्चा: बॅटरी स्वॅपिंगच्या डॅशबोर्डवर ‘उपलब्ध’ म्हणावं की ‘तयार’?

निरगाठ:
इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरी स्वॅपिंग केंद्रांवर (उतरलेली बॅटरी देऊन भरलेली घ्यायची ती जागा) नियंत्रण कक्षातून लक्ष ठेवण्यासाठीचा डॅशबोर्ड नव्याने करायचा आहे. स्क्रीन मराठीत हवी, कारण पाळीवर बसणारे आणि केंद्रावर दुरुस्तीला जाणारे दोघंही फोनवर मराठीतच बोलतात. सध्याच्या स्क्रीनवरचे शब्द असे: ‘उपलब्ध’, ‘बंद’, ‘भार’, ‘आरोग्य’, ‘अदलाबदल’, ‘स्वीकारले’. कोशात सगळे बरोबर आहेत, पण वाचणारा अडखळतो. कोणते ठेवावेत, कोणते बदलावेत?

खटपट्या:
सगळ्यात आधी ‘उपलब्ध’ काढा. उपलब्ध म्हणजे कपाटात आहे, की आत्ता ग्राहकाला देता येईल? हिशोब करून पाहू. केंद्रावर १२ खणांचं कपाट आहे, एका खणात एक बॅटरी ठेवून चार्ज होते, आणि स्कूटरला एका वेळी दोन बॅटऱ्या लागतात. होंडाची ॲक्टिव्हा ई अशीच आहे, दीड किलोवॉट-तासाच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारी. स्क्रीनवर ‘उपलब्ध ७’ दिसतंय. त्यातल्या ३ पूर्ण चार्ज, २ अजून ६० टक्क्यांवर, १ गाडीतून तापून आलेली आणि १ कुणीतरी ॲपवरून राखून ठेवलेली. म्हणजे दारात उभ्या असलेल्या एकाच स्कूटरचं काम होणार. सात हा आकडा खरा असूनही निरुपयोगी ठरतो.

म्हणून मोठ्या अक्षरात ‘तयार जोड्या: १’ लिहा. आकडा बॅटऱ्यांचा नको, जोड्यांचा हवा. रिक्षांसाठी वेगळं कपाट असेल तर तिथे एका रिक्षाला जितक्या बॅटऱ्या लागतात तितक्यांचा ‘संच’ म्हणा.

शेजारीच ‘रिकामे खण’ हवेत. ग्राहक आधी उतरलेल्या दोन बॅटऱ्या आत ठेवतो, मग त्याला भरलेल्या मिळतात. बाराही खण भरलेले असतील तर बारा तयार बॅटऱ्या असूनही एकही स्वॅप होत नाही. केंद्र आतून गच्च झालेलं असतं आणि स्क्रीनवर सगळं हिरवं! १२ खणांत १० बॅटऱ्या हे प्रमाण म्हणूनच पाळायचं. रिकामे खण २ च्या खाली गेले की तो आकडा लाल झाला पाहिजे.

बाकीच्या बॅटऱ्यांसाठी एकच शब्द पुरणार नाही. मी असे सुचवेन: ‘चार्ज होतेय’, ‘थंड होतेय’, ‘विजेसाठी थांबली’, ‘राखीव’, ‘बाजूला काढा’. तिसरा शब्द लांब आहे, पण तो गाळू नका. केंद्राचा मंजूर भार ५ किलोवॉट आणि एका बॅटरीला ७०० वॉट लागत असतील, तर पंखा आणि नियंत्रक धरून एका वेळी ६ च बॅटऱ्या चार्ज होतात. बाकीच्या पाळीची वाट बघतात. त्यांच्यापुढे नुसतं ‘प्रतीक्षेत’ लिहिलं की चार्जर बिघडला असं समजून माणूस पाठवला जातो, आणि तिथे बिघाड काहीच नसतो. २० टक्क्यांवरून पूर्ण व्हायला साधारण दोन तास धरले, तर ६ चार्जरवर तासाला ३ बॅटऱ्या तयार होतात, म्हणजे दीड स्कूटर. संध्याकाळच्या गर्दीत केंद्र का कोरडं पडतं ते या एका ओळीत कळतं.

अर्धमात्रा:
‘मंजूर भार’ आलाच आहे तर ‘भार’बद्दल. महावितरणच्या बिलावर भार म्हणजे लोड, आणि तोच अर्थ लोकांच्या डोक्यात आहे. बॅटरीत किती वीज शिल्लक आहे त्यालाही भार म्हटलं तर एकाच स्क्रीनवर ‘भार ८० टक्के’ हे केंद्राबद्दल आहे की बॅटरीबद्दल ते कळणार नाही. पाठ्यपुस्तकातला ‘प्रभार’ आणखी अडचणीचा, कारण कार्यालयात प्रभार म्हणजे पदाची जबाबदारी. ‘चार्ज ८० टक्के’ सरळ लिहावं. मोबाइलमुळे तो शब्द घराघरात आहे.

‘अदलाबदल’ला माझा ठाम विरोध आहे. ‘बॅगांची अदलाबदल झाली’ म्हणजे घोटाळा झाला, एकाची दुसऱ्याकडे गेली. दिवसअखेरच्या तक्त्यात ‘अदलाबदल ४१२’ वाचून नवा माणूस दचकेल. ‘बॅटरी बदलली’ म्हटलं तर गॅरेजमध्ये जुनी काढून नवी विकत घेतली असा अर्थ होतो. ‘स्वॅप’ रुळलेला आहे, तोच ठेवा: ‘आजचे स्वॅप’, ‘अर्धवट राहिलेले स्वॅप’. अर्धवट म्हणजे जुन्या बॅटऱ्या आत गेल्या पण नव्या मिळाल्या नाहीत. त्याची नोंद वेगळी आणि सगळ्यात वर हवी, कारण तो ग्राहक बॅटरीविना रस्त्यावर उभा असतो.

तारतम्य:
‘बंद’वर कुणी बोललं नाही. ‘केंद्र बंद’, ‘खण बंद’, ‘इशारा बंद’, तिन्ही एका स्क्रीनवर! ‘खण ७ बंद’ म्हणजे दार लागलंय की खण वापरातून काढलाय? पहिलं असेल तर सगळं ठीक, दुसरं असेल तर माणूस पाठवायचा. माझी मांडणी अशी: दारासाठी ‘लागलेलं / उघडं’, खणासाठी ‘चालू / नादुरुस्त’, इशाऱ्यासाठी ‘मिटला’. ‘बंद’ फक्त केंद्रासाठी, तेही आपण मुद्दाम बंद ठेवलं असेल तर. कपाटाकडून माहिती येत नसेल तर ‘संपर्क नाही, शेवटची नोंद ९ मिनिटांपूर्वी’. सिमचं नेटवर्क गेलं तरी काही कपाटं स्वतःच्या बळावर स्वॅप करत राहतात. त्यांना बंद म्हणणं चूक आहे, आणि जुने आकडे ताजे असल्यासारखे दाखवणं त्याहून मोठी चूक. ते आकडे फिके करा.

इशारा पाहिला हे नोंदवायला ‘स्वीकारले’ काय, बिघाड स्वीकारायचा? कचेरीतला ‘पोच’ इथे नेमका बसतो, पण पोच म्हणजे फक्त मिळालं. इशाऱ्याला तीन टप्पे द्या: ‘नवा’, ‘हाती घेतला’, ‘मिटला’. ‘हाती घेतला’पुढे नाव आणि वेळ आपोआप पडावी. पाळी बदलताना हीच ओळ कामाला येते.

निरगाठ:
पटलं. ‘आरोग्य’ राहिलं. ‘तब्येत’ चालेल का?

खटपट्या:
बोलताना चालेल, स्क्रीनवर ‘उरलेली क्षमता’ लिहा. मोजलेलं तेच असतं: नवी असताना जितकी वीज मावायची त्याच्या किती टक्के आता मावते. क्षमता ७५ टक्के आणि चार्ज १०० टक्के असेल तर दीडच्या जागी १.१ किलोवॉट-तासच मिळतात. ‘आरोग्य ७५’ वाचून माणूस म्हणतो पास झाली. पण किलोमीटरला ३० वॉट-तास धरले, तर दोन बॅटऱ्यांवर १०० ऐवजी ७५ किलोमीटरच निघतात आणि तक्रार येते. ८० च्या खाली गेलेल्या बॅटऱ्या वेगळ्या यादीत दाखवा. जोडीत एक नवी आणि एक दमलेली पडू नये हेही त्याच यादीवरून बघता येतं.

चार्जच्या टक्क्याबद्दल एक खबरदारी. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) या प्रकारच्या सेलचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास. त्यामुळे व्होल्टेजवरून टक्का नीट कळत नाही; बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं तिच्यातलं सर्किट, आत-बाहेर गेलेला करंट मोजून टक्का काढतं आणि चूक साठत जाते. मुख्यतः पूर्ण चार्ज झाल्यावर ती दुरुस्त होते. घाईत ९० टक्क्यांवरच बॅटरी देत राहिलं तर काही आठवड्यांनी १८ टक्के दाखवणारी गाडी अचानक थांबू शकते. म्हणून बॅटरीच्या पानावर ‘शेवटचा पूर्ण चार्ज’ ही तारीख असावी. नुसत्या टक्क्यापेक्षा ती जास्त सांगते.

अर्धमात्रा:
‘थंड होतेय’पुढे तापमान दाखवा. सेल ४५ अंशांच्या वर असताना चार्जिंग सुरू होऊ न देणं ही नेहमीची मर्यादा आहे, आणि मे महिन्यात दुपारी गाडीतून निघालेली बॅटरी तिथे सहज पोचते. ‘४८ अंश, थंड होतेय’ वाचलं की कुणी चार्जर रीसेट करत बसत नाही. पण चार्ज होता होता तापमान नेहमीपेक्षा वेगाने चढतच राहिलं तर ‘थंड होतेय’ नको, थेट ‘धोका: वीज तोडा, जवळ जाऊ नका’. ‘इशारा’, ‘बिघाड’ आणि ‘धोका’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी अजिबात वापरू नका.

तारतम्य:
अक्षरांचं बघा. ‘बॅटऱ्या’, ‘जोड्या’, ‘नादुरुस्त’ यांत वर-खाली मात्रा आणि उकार आहेत. इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत ते कापले जातात. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवा. आणि दुरून १ आणि ९ एकसारखे दिसणारा फाँट घेऊ नका, खण १ ऐवजी खण ९ उघडला जाईल.

निरगाठ:
कपाटांवर खणांचे क्रमांक इंग्रजी आकड्यांत रंगवलेले आहेत. स्क्रीनवर मराठी ठेवावेत का?

तारतम्य:
खणांचे क्रमांक कपाटावर आहेत तसेच ठेवा, म्हणजे स्क्रीनवरचा आणि समोरचा आकडा एकच दिसेल. बाकी आकडे मराठीत.