स्पीड 94 वर अडकली आहे (ए-विंग ग्रुप)

ए-402: नेटचा प्लॅन 200 एमबीपीएसचा. मोबाइलला वायफायवर पूर्ण येते, कॉम्प्युटरला वायरने 94 च्या वर जातच नाही. वायर भिंतीतून गेली आहे. बदलायची का?

ए-204: कॅट-7 (वरच्या दर्जाची नेटवर्क वायर) टाकून घ्या, कटकट संपेल.

ए-103: गरज नाही जी. साधी कॅट-5ई वायरसुद्धा 100 मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएस देते. 94 म्हणजे लिंक (राउटर-कॉम्प्युटरमधली जोडणी) 100 वर बसली. 100 ला आठातल्या चारच तारा लागतात: 1, 2, 3 आणि 6. गिगाबिटला आठही. उरलेल्यांपैकी एक सुटली तरी नेट बंद पडत नाही, मुकाट्याने 100 वर येते, म्हणून लक्षात येत नाही. आधी लॅपटॉप छोट्या वायरीने थेट राउटरला लावा आणि इथरनेटच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहा. तिथेही 100 दिसलं तर राउटरचे पोर्टच 100 चे असू शकतात, मग वायरीला दोष देऊ नका.

ए-402: तिथे 1000 दाखवते.

ए-103: मग दोष वायरीत, बहुतेक टोकाला. प्लग पारदर्शक असतो, टॉर्च मारून तारा मोजा.

ए-402: राउटरकडे चारच आहेत! निळी आणि तपकिरी या दोन्ही जोड्या मागेच कापून टाकल्या.

ए-103: वाटलंच. काही जण वेळ वाचवायला असंच करतात. टोक कापून नवा प्लग लावा. खटका खाली, तोंड पुढे धरून डावीकडून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. बाहेरचं आवरण प्लगच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओढ बसली की तार निसटते. दुसरं टोकही तपासा, रंगांचा क्रम तोच हवा.

ए-301: यातच विचारतो. कूलर चालू-बंद केला की मॉनिटर क्षणभर काळा होतो.

ए-103: कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शनवर असतील. मोटरच्या बटणाचा झटका मॉनिटरची एचडीएमआय वायर पकडते. कूलर दुसऱ्या सॉकेटवर न्या, दोन्ही वायरी दूर ठेवा, अर्थिंग तपासा. अन् कूलरची हवा थेट कॅबिनेटवर नको. ओलाव्याने धूळ पंख्यावर थापल्यासारखी बसते, मग मे महिन्यात मशीन आपोआप बंद होते. धूळ उडवायला ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

ए-402: बर्डीच्या बाजारात चाललो, प्लग किती आणू?

ए-103: दहा. पहिले दोन-तीन वाया जातातच. क्रिंपर (प्लग दाबून बसवायची पक्कड) माझ्याकडून न्या.