चिंचेची ढोली (कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा)

मोठे बाबा (गावाहून): सर्वांना नमस्कार. काल रात्रीच्या वावधनात (वादळात) धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, जुन्या चिंचेची मोठी फांदी मोडली. गारांनी संत्र्याचा आंबिया बहारही बराच झडला, त्याविषयी सविस्तर नंतर लिहितो. सकाळी चिंचेखाली मेलेल्या राघूंचा आणि साळुंक्यांचा सडा पडला होता, पण त्याच झाडाच्या ढोलीतली पिंगळ्यांची जोडी उन्हे आल्यावर सुखरूप बाहेर बसलेली दिसली. असे का झाले, ते धाकटीने सांगावे. तिचा अभ्यासाचा विषय आहे.

दादा (अमरावती): मोठे बाबा, झाड आतून पोकळ झाले आहे. लाकूडवाल्याने विचारणा केली आहे, तर खोडासकट देऊन टाकावे, असे मला वाटते.

धाकटी (नागपूर): दादा, तो निर्णय घेण्याआधी एवढे वाचावे, ही विनंती.

हवेचा दाब उतरू लागला की तो पक्ष्यांना जाणवतो, आणि प्रयोगशाळेत दाब कमी केल्यावर काही लहान पक्षी नेहमीपेक्षा लवकर खाऊ लागल्याचे आढळले आहे, कारण वादळात चारा मिळणार नसतो. अमेरिकेतील टेनेसी राज्यात एप्रिल 2014 मध्ये जेमतेम 9 ग्रॅम वजनाचे काही वटवट्याच्या जातीचे पक्षी चक्रवात येण्याच्या किमान एक दिवस आधी जागा सोडून गेले आणि संकट टळल्यावर जवळपास 1500 किलोमीटरचा फेरा करून परतले. माणसाला ऐकू न येणारा वादळाचा खर्जातला आवाज त्यांना दुरून लागला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे.

आपल्याकडचे राघू, साळुंक्या, होले मात्र गाव सोडत नाहीत. त्यांची सगळी भिस्त झाडावर असते. वारा सुटला की ते शेंड्यावरून आत सरकतात, खोडाच्या आडोशाच्या बाजूला जाडसर फांदी धरतात आणि चोच वाऱ्याकडे करून बसतात, म्हणजे पिसे उलटी फिरत नाहीत आणि पाणी पाठीवरून ओघळून जाते. बसताना पाय दुमडला की पायातली शीर ताणली जाऊन बोटे आपोआप आवळतात, त्यामुळे फांदी हेलकावे खात असतानाही पकड सुटत नाही. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतले तेल चोचीने पिसांना लावलेले असते, त्यामुळे साधा पाऊस ते तासन्तास सोसतात.

गारपिटीपुढे मात्र यातला एकही उपाय चालत नाही. चिंचेची पाने बारीक असल्यामुळे गार अडत नाही, रात्री अंधारात थवा उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही, आणि पिसे भिजून अंगाला चिकटली की 40 अंशांच्या वर राहणारे त्यांचे शरीर झपाट्याने थंड पडते. पिंगळे वाचले ते डोक्यावर लाकूड होते म्हणून. ढोली जुन्याच झाडाला पडते, आणि साळुंकी, हुदहुद यांना ती स्वतः कोरता येत नाही. आहे ती मिळाली तरच झाडात त्यांना घर मिळते. आज लावलेल्या रोपट्याला तशी ढोली पडायला कित्येक वर्षे जावी लागतील, म्हणून मला ते खोड जाणे फार जिवाला लागेल.

मोठी आई: वावरातल्या टिटवीचे मी सांगते. गारा सुरू होण्याआधी गोठ्याच्या दारातून पाहिले, तर ती नांगरटीतल्या अंड्यांवर तशीच बसून होती. मान आखडलेली, चोच वाऱ्याकडे, आणि धूळ अंगावर येत असूनही उठली नाही. सकाळी एक अंडे फुटलेले होते आणि उरलेल्यांवर ती परत बसलेली आहे. त्या तासात (नांगराच्या सरीत) कोणी औत घालू नये.

आत्या (वर्धा): आमच्या पडवीत एक भिजलेला राघू सापडला आहे. मुले त्याला दूध-भात देऊ म्हणतात.

धाकटी: आत्या, दूध-भात देऊ नका आणि चोचीत पाणीही ओतू नका, ते श्वासनलिकेत गेले तर पक्षी दगावतो. खोक्याला भोके पाडून, खाली सुती कापड घालून त्याला अंधाऱ्या, उबदार जागी ठेवा आणि मुलांना सारखे उघडून पाहू देऊ नका. सावरला तर जिथे सापडला तिथेच सोडा. पंख लोंबत असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. राघू पिंजऱ्यात ठेवणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही मुलांना समजावून सांगा.

दादा: ढोलीचे पटले. पण दुपारी बैल त्याच झाडाखाली बांधतात, दुसरी फांदी पडली तर?

मोठे बाबा: बैल आजपासून गोठ्यातच बांधू. चिंच तोडायला परवानगी लागतेच, आणि मला ती मागायची नाही. मोडून लोंबणारा भाग तेवढा करवतीने उतरवून घेतो, पडलेली फांदी लाकूडवाल्याने न्यावी. दादा, त्याला तसा निरोप दे आणि खोडाला हात लावायचा नाही, हे स्पष्ट सांग.

दादा: सांगतो. रविवारी दोर घेऊन मीही येतो.