सनरूफचा रबर चिरलाय, पावसाआधी बदलायचा आहे

म्हापसेकर: जुन्या सेडानच्या सनरूफचा रबर कोपऱ्यांत कडक होऊन चिरला आहे. पुढच्या खांबाजवळ छत आतून ओलं होतं. वरून सिलिकॉन सीलंट मारून भागेल का?

फोंडा_गॅरेज: सीलंट अजिबात नको. काच सरकली की तो सुटतो आणि रुळात अडकतो. आधी ड्रेन बघा. रबर सगळं पाणी अडवत नाहीच. उरलेलं काचेभोवतीच्या पन्हळीत येऊन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. पन्हळीत कपभर पाणी ओता, गाडीखाली लगेच टपकलं पाहिजे. आंब्याखाली गाडी असेल तर मोहोर आणि तांबडी माती नळीत हमखास बसते. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घाला. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी आतून निसटली तर छताचं आतलं अस्तर उतरवावं लागतं.

काणकोण४७: ड्रेन मोकळा असेल तर रबर. चेसिस नंबर सांगूनच मागवा. काही गाड्यांत तो काचेलाच चिकटवलेला असतो, मग काचेसकट घ्यावा लागतो. दाबून बसणारा असेल तर कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पेट्रोल-थिनर नको. रबराच्या दोन टोकांचा सांधा मागे मधोमध ठेवा. बसवताना ताणू नका, नंतर आखडून सांध्यात फट पडते. काच पुढे छतापेक्षा किंचित खाली, मागे किंचित वर.

म्हापसेकर: वरून व्हॅसलीन?

काणकोण४७: नको बाब, त्याने रबर फुगतो. सिलिकॉन ग्रीस, पातळ हात.