पंप खडखडत असेल तर आधी सक्शन (पाणी ओढणारी बाजू) बघा
दादा, उन्हाळ्यात विहिरीची पातळी पंपापासून साडेसहा मीटर खाली गेली की मोनोब्लॉकमधून (मोटर आणि पंप एकत्र असलेल्या पंपातून) खडे फिरल्यासारखा आवाज येतो, असं तुम्ही लिहिलंय. वरच्या एका उत्तरात इंपेलर (पंपातलं फिरणारं पात्यांचं चाक) बदलायचा सल्ला आलाय, पण मूळ कारण तसंच राहिलं तर नवाही खाल्ला जाईल. हे कॅव्हिटेशन आहे, म्हणजे ओढताना दाब कमी पडून पंपात पाण्याचे बुडबुडे होणं.

हिशोब करा. तुमचं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, म्हणून हवेचा दाब जेमतेम ९.६ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. त्यातून ६.५ मीटर उचल, पाइप आणि फुटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) यांतल्या घर्षणाचे सव्वा मीटर आणि बाष्पदाबाचे (पाण्याची वाफ होण्याच्या दाबाचे) ०.४ वजा केले की दीड मीटरही उरत नाही. बऱ्याच पंपांना तोंडाशी असा अडीच-तीन मीटर दाब उरावा लागतो. तुमच्या पंपाचा आकडा कंपनीच्या आलेखावर मिळेल. कमी पडलं की इंपेलरच्या तोंडाशी पाण्याची वाफ होते, ते बुडबुडे पुढे फुटतात आणि पात्यांना बारीक खड्डे पडतात.

फुटव्हॉल्व्हची गाळणी साफ करा, सक्शन पाइप एक साइझ मोठा घ्या. रिड्यूसर (मोठा पाइप पंपाच्या लहान तोंडाला जोडणारा तुकडा) एका बाजूने सपाट असलेलाच, सपाट बाजू वर. नाहीतर तिथे हवा साठते. खरा इलाज म्हणजे पंप विहिरीत खाली ओट्यावर उतरवणं. तोवर डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाणाऱ्या बाजूचा) थोडा बंद करून चालवा. सक्शनचा व्हॉल्व्ह मात्र असा कधीच बंद करू नका.

सक्शन पाइपच्या सांध्यांना ग्रीस लावून आवाज बदलला, तर तिथून हवा ओढली जातेय.