शेरा नको, पाठावर बोला

‘शिक्षकांचं मूल्यमापन म्हणजे वर्षाअखेरीस कागद रंगवणं’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. वरिष्ठ शिक्षकाबद्दल लिहितात त्या गोपनीय अहवालानं कुणाचं शिकवणं सुधारलेलं मीही पाहिलं नाही. पण आमच्या परभणीकडच्या केंद्राचे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचे, जुने केंद्रप्रमुख तास बघायला आले की मागच्या बाकावर बसायचे आणि शेरे लिहायच्या शेरेबुकाला लगेच हात लावायचे नाहीत. एकदा हातच्याच्या वजाबाकीचा तास संपल्यावर त्यांनी आपली वही पुढं केली: उत्तरं सगळी पुढच्या दोन रांगांतून, खिडकीकडची पोरं गप्प. मग मी रोज आधी त्याच पोरांना विचारू लागलो. पुढच्या भेटीत साहेबांनी तेवढंच बघितलं, बाकी काही नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकास सांगितलाय. ते तास ऑनलाइन प्रमाणपत्रं गोळा करण्यात घालवण्यापेक्षा शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, एकमेकांच्या पाठांवर बोलण्यात गेलेले बरे. मात्र पाठ पाहून केलेल्या नोंदींचा वेतनवाढीशी, बदलीशी संबंध नको. नाहीतर पाहणीच्या दिवशी पोरांकडून घोकून घेतलेलाच धडा दिसणार. आणि एकाच केंद्रप्रमुखाकडं दोन केंद्रांचा पदभार असेल, तर त्यानं मागच्या बाकावर बसायचं कधी? आधी केंद्रप्रमुखांची रिकामी पदं भरा.