मदत हवी आहे: टिश्यू कल्चर उसाच्या बेणेमळ्यात पांढरी पानं. रोग, लोहाची कमतरता की रोपातलाच दोष?

कालवाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. उरुळी कांचनजवळ २० गुंठ्यांत को ८६०३२ या वाणाचा बेणेमळा (पुढच्या लागणीचं बेणं तयार करायचा मळा) केला आहे. रोपं टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत उसाच्या ऊतीपासून वाढवलेली), ट्रेमध्ये हार्डनिंग होऊन, म्हणजे बाहेरच्या हवेला सरावून आलेली. लागण १० नोव्हेंबरला, अंतर ५ × २ फूट, पाणी ठिबकवर. जमीन काळी, चुनखडीची, सामू (पीएच) ८.३.

आता डिसेंबर सरत आला आणि काही बेटांत (एका रोपाच्या फुटव्यांच्या झुबक्यांत) पानं पांढुरकी दिसतायत. बहुतेक बेटं पूर्वेच्या बांधालगत एका पट्ट्यात आहेत, पण चार-पाच बेटं मधेच विखुरलेली आहेत. एकदोन बेटांत फुटवे गवतासारखे दाट आणि बारीक आलेत.

हे नेमकं काय आहे? उपटायचं की औषध मारायचं? मळा बेण्यासाठी ठेवावा का, आणि ठेवला तर किती एकराला पुरेल? शिवाय शेजारचे म्हणतात, "प्रयोगशाळेतला ऊस म्हणजे जीएम (जनुक बदललेला), आम्हाला ते बेणं नको." त्यांना काय सांगू?

पाचटवाला

दादा, सध्या काही उपटू नका. तुमच्या वर्णनात एकापेक्षा जास्त कारणं दिसतात, ती आधी वेगळी करा.

बांधालगतचा पट्टा बहुधा लोहाच्या कमतरतेचा. कोवळी पानं बघा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा-पांढरा असेल, खालची जुनी पानं हिरवी असतील, तर लोहच. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना मिळत नाही, आणि वाफशापेक्षा जास्त ओल राहिली की आणखी अडतं. त्या पट्ट्यात ठिबकचं पाणी साचतंय का तेही तपासा.

पानावर आडवे पांढरे पट्टे असतील तर ती थंडीची खूण. पोंग्यात (शेंड्याच्या न उलगडलेल्या पानांत) गारठा बसतो आणि पान वर आल्यावर पट्टा दिसतो. पुढची पानं आपोआप हिरवी येतात, काही करावं लागत नाही.

खरी काळजी गवताळ वाढीची. हा फायटोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूसारख्या जिवाचा रोग. फुटवे बारीक आणि असंख्य, पानं अरुंद, आणि पांढरेपणा शिरांसकट सगळ्या पानभर. असं बेट ऊस धरतच नाही.

खात्री करायला फवारणी करा: १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. आम्ल टाळू नका. ते नसलं तर टाकीतच लोहाचं ऑक्सिडीकरण होऊन पाणी तांबूस होतं आणि त्या लोहाचा झाडाला उपयोग राहत नाही. आठवड्याभरात जी बेटं हिरवी वळतील ती लोहाची. जी तशीच राहतील त्यांना खुणेच्या काठ्या लावा.

कायमच्या उपायासाठी एकरी १० किलो फेरस सल्फेट दहापट शेणखतात मिसळून, ओलं करून पाच-सहा दिवस मुरवा आणि मग सरीत द्या. कोरडं टाकलं तर चुनखडी ते लगेच बांधून टाकते. ठिबकमधून द्यायचं तर ईडीडीएचए चिलेट (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं खत) घ्या. स्वस्त मिळतं म्हणून ईडीटीए घेऊ नका, ८.३ सामूला ते टिकत नाही.

पेशी_ते_पीक

पाचटवाल्यांच्या यादीत प्रयोगशाळेकडची दोन कारणं जोडतो.

एक, बाटलीत फुटवे वाढवायला सायटोकायनिन गटाचं संप्रेरक देतात. त्याचा अंश रोपात उरला तर सुरुवातीला फुटवे गवतासारखे दाट येतात आणि गवताळ वाढीचा भास होतो. फरक रंगात आहे: इथे पानं हिरवी असतात, आणि दोन-तीन महिन्यांत बेट सावरतं.

दोन, एखाद्याच बेटात पानाच्या बुडापासून टोकापर्यंत सरळ, धारदार कडेची पांढरी पट्टी असेल तर तो त्या रोपातला बदल आहे. फवारणीने जात नाही आणि शेजारी पसरतही नाही, पण कांडीतून पुढे जातो. म्हणून बेणेमळ्यातून तेही काढायचं. शेंड्याच्या ऊतीपासून थेट फुटवे घेतले तर असे बदल कमी होतात. मधे कॅलस, म्हणजे पेशींचा गोळा, करून रोपं काढली किंवा एकाच साठ्यातून फार वेळा सबकल्चर केलं (तुकडे करून पुन्हा नव्या बाटल्यांत वाढवलं) तर वाढतात. पुढच्या वेळी रोपं घेताना पद्धत कोणती, सबकल्चर किती आणि विषाणू तपासणीचा दाखला आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. टिश्यू कल्चर रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणन पद्धत २००६ पासून आहे.

काठी लावलेल्या बेटाचं पोंग्याजवळचं कोवळं पान, सोबत एका निरोगी बेटाचं, वेगवेगळ्या पिशव्यांत बर्फावर ठेवून पीसीआर चाचणीला (रोगजंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीला) द्या. मांजरीचं वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तुम्हाला जवळ आहे, तिथे आधी चौकशी करा.

आता जीएमचं. शेजाऱ्यांची शंका हसण्यावारी नेऊ नका, नीट उत्तर द्या. जीएममध्ये दुसऱ्या जिवाचा किंवा बाहेर घडवलेला जनुक पिकात घालतात. टिश्यू कल्चरमध्ये जनुकाला हात लागत नाही. कांडी लावून आपण उसाची नक्कलच करतो, इथे तीच नक्कल शेंड्याच्या सूक्ष्म तुकड्यापासून होते. भारतात लागवडीला व्यापारी परवानगी मिळून शेतात असलेलं जीएम पीक म्हणजे बीटी कापूस, २००२ पासून. बीटी वांग्यावर २०१० मध्ये स्थगिती आली. ब्राझीलने २०१७ मध्ये बीटी उसाला मान्यता दिली, आपल्याकडे जीएम ऊस शेतात नाही.

माळरान

विज्ञान बरोबर आहे, पण शेजाऱ्यांच्या नकारामागे एक रास्त भीतीही असू शकते, तीही बोलली पाहिजे. एकाच रोपाच्या लाखो नकला गावभर लावल्या की धोकाही गावभर सारखाच होतो. उत्तर प्रदेशात को ०२३८ ने बहुतेक शिवार व्यापलं आणि लाल कूज आली तेव्हा सगळ्यांचंच नुकसान झालं. टिश्यू कल्चर बेणं रोगमुक्त करतं, रोगप्रतिकारक नाही. त्यामुळे सगळं क्षेत्र ८६०३२ खाली नेऊ नका. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा फुले २६५ किंवा तुमच्या कारखान्याने शिफारस केलेला दुसरा वाणही थोडा ठेवा.

बेणं शेजाऱ्यांना देण्या-विकण्याबद्दल: २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला तो हक्क आहे, फक्त ब्रँड लावून विकायचं नाही.

कालवाकाठ

मनापासून आभार. फवारणी उद्याच करतो. रोगट बेटं काढताना आणि पुढे बेणं तोडताना काय सांभाळायचं?

पाचटवाला

चाचणीत गवताळ वाढ निघाली तर बेट मुळासकट खोदून काढा आणि तिथेच पोत्यात भरा. सरीतून ओढत नेऊ नका. बांधावर टाकू नका, जाळा. तुडतुडे हा रोग पसरवतात, म्हणून आजूबाजूच्या बेटांवर लक्ष ठेवा. मळा दर महिन्याला ओळीनं फिरून बघा. काणी या बुरशीरोगाचा चाबूक (शेंड्यातून निघणारा काळा लांब दांडा) दिसला तर आधी त्यावर पिशवी चढवा, मगच कापा. कोयता प्रत्येक ओळीनंतर लायझॉलच्या ५ टक्के द्रावणात बुडवा. खोडवा खुजा हा जिवाणूचा रोग बेण्यातून आणि कोयत्यावरून पसरतो, आणि त्याची बाहेरून ओळख पटत नाही.

बेणं १० ते ११ महिन्यांचं घ्या. तुमचं ऑक्टोबरच्या मध्यावर ११ महिन्यांचं होईल, म्हणजे पूर्वहंगामी लागणीच्या वेळेतच. पाचट काढू नका, वाहतुकीत कांडीवरचे डोळे (जिथून कोंब फुटतो ते) सांभाळले जातात. वरचा दोन-तृतीयांश भाग वापरा. पहिल्या पिढीचे ऊस बारीक असतात, त्याने घाबरू नका. म्हणूनच हे रोप गाळपापेक्षा बेण्यासाठी लावायचं.

पुरवठ्याचा हिशोब: २० गुंठ्यांत २,१७८ बेटं. बेटाला ८ ऊस आणि उसाला कामाचे १० डोळे धरले तर सुमारे पावणेदोन लाख डोळे. दोन डोळ्यांची टिपरी (उसाचा तुकडा) लावली तर एकरी १०,००० टिपऱ्या लागतात. तूट धरून सात-आठ एकर होतील. एक डोळ्याची रोपं ट्रेमध्ये करून ५ × २ वर लावली तर ३० एकरांच्या आसपास जाता येईल.

लागणीआधी १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम घालून टिपऱ्या १० ते १५ मिनिटं बुडवा. त्या सुकल्यावर १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर (हवेतला नत्र देणारे जिवाणू) आणि सव्वा किलो पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) मिसळून अर्धा तास ठेवा. दोन्ही एकाच टाकीत कालवू नका, बुरशीनाशकासोबत जिवाणू भिजवून काही साधत नाही.

पीसीआरचा निकाल आला की इथेच टाका, काठ्या लावलेल्या बेटांचे फोटोही द्या.